समन्वयाची वाण कुठे होती?

यादवी युद्धातून उठू पाहणाऱ्या देशाचा विषय निघाला की एक निदान ठरलेले असते. पैसा आला, धान्य आले, औषधे आली, माणसेही आली. पण ‘समन्वयाचा अभाव’ होता म्हणून सगळे वाया गेले. निदानापाठोपाठ औषधही येते. सगळी मदत एका हाताखाली द्या, तो हात बाहेरचा असू द्या आणि तिथल्या सरकारला चार हात लांब ठेवा. कारण सरकार कुचकामी, वर भ्रष्ट, आणि कालपर्यंत युद्धातला एक पक्ष. परिषदांच्या अहवालांतून, अग्रलेखांतून, निवृत्त राजदूतांच्या भाषणांतून हे इतक्यांदा येऊन गेले आहे की त्याला पुरावा मागणे उद्धटपणाचे वाटावे.

तो उद्धटपणा करायला मोझांबिक ही चांगली जागा आहे. पोर्तुगीज १९७५ साली गेले आणि दोन वर्षांत रेनामोची बंडखोरी सुरू झाली. ती आधी ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने पोसली, १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने. राजधानी मापुतोत सरकार फ्रेलिमो पक्षाचे. लढाई आणि तिच्या सोबतीने आलेली उपासमार यांत सुमारे दहा लाख माणसे गेली. सतरा लाख शेजारच्या देशांत पळाली, त्यांतली दहा लाखांवर एकट्या मलावीत. देशातल्या देशात घर सुटलेले त्याहून कितीतरी जास्त. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जोआकिम चिसानो आणि रेनामोचे आफोन्सो ध्लाकामा यांनी रोममध्ये करारावर सह्या केल्या. मध्यस्थी ‘सांत एजिदिओ’ या तिथल्या कॅथलिक समुदायाची. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, निवडणूक झाली. संयुक्त राष्ट्रांच्या यशाच्या यादीत हे नाव नेहमी वर असते. त्यामुळे ‘बाहेरचा एक हात’ या मताचे पुरस्कर्तेही दाखला मोझांबिकचाच देतात. तो दाखला नीट वाचला तर उलटाच निघतो.

आधी समन्वय किती होता ते पाहू. ओनुमोझ या शांतता मोहिमेच्या पोटातच संयुक्त राष्ट्रांनी मदतीच्या समन्वयाचे वेगळे कार्यालय थाटले, युनोहॅक. प्रांतोप्रांती त्याची माणसे. डिसेंबर १९९२ मध्ये रोमला देणगीदार देश जमले आणि सुमारे ४० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. निर्वासितांसाठी एक संस्था, धान्यासाठी दुसरी, मुलांसाठी तिसरी, विकासासाठी चौथी. सगळ्या संयुक्त राष्ट्रांच्याच, पण प्रत्येकीचे मुख्यालय वेगळे, अहवाल वेगळा आणि मुख्य म्हणजे थैली वेगळी. वर राजदूतांच्या आपल्या बैठका. परदेशी स्वयंसेवी संस्था तर युद्ध चालू असतानाच दीडशेच्या वर गेल्या होत्या. युनोहॅकचे संयुक्त राष्ट्रांच्याच विकास कार्यक्रमाशी पटेना आणि देणगीदारांशीही सूर जुळेना. ज्यांना पैसे थेट आपल्या राजधानीतून येत होते त्यांनी या कार्यालयाला विचारावे तरी कशाला? समन्वय करणाऱ्यांना तोटा नव्हता. समन्वय करून घेणारे कोणी नव्हते.

आणि ज्याच्याशी खरा समन्वय व्हायचा, ते खाते एव्हाना पोकळ झाले होते. ही गोष्ट युद्ध संपण्याच्या आधीची, म्हणून बहुतेक अहवालांत ती येतच नाही.

मोझांबिक सरकारने १९८० साली आपत्ती निवारणाचा आपला विभाग काढला. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून त्याला डीपीसीसीएन म्हणत. १९८३-८४ च्या दुष्काळात हजारो माणसे भुकेने मेली. मदत मोठ्या प्रमाणावर यायला लागली ती १९८४ मध्ये. त्याच वर्षी मोझांबिक नाणेनिधी आणि जागतिक बँकेचे सदस्य झाले, हे सहज आठवले म्हणून. धान्याबरोबर अटीही आल्या. विभागाची वाहतूक आणि गोदामे सांभाळायला ‘केअर’ ही अमेरिकी संस्था आत बसवली गेली. पुढे अमेरिकी धान्य सरकारी विभागातून न जाता परदेशी संस्थांमार्फत वाटले जावे, हा आग्रह वाढत गेला. कारण दिले गेले ते चोरीचे.

चोरी होत होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. पोती मधल्यामध्ये गळत, ट्रक वाट चुकत. पण १९८७ पासून नाणेनिधीच्या कार्यक्रमाखाली सरकारी खर्चाला वेसण घातली गेली, चलन घसरले, आणि गोदामपालाच्या पगारात महिन्याचे धान्य येईना. ज्याच्या किल्लीखाली शेकडो पोती आणि घरी चूल थंड, त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणारे स्वतः डॉलरमध्ये पगार घेत होते. मग त्या विभागातली हुशार माणसे काय करणार? शेजारच्या परदेशी संस्थेत गेली. तिथे ड्रायव्हरला जे मिळे ते सरकारी दवाखान्यातल्या माणसाला मिळत नसे. आधी विभागाचे पाय काढून घ्यायचे आणि मग तो चालत नाही म्हणून अहवाल लिहायचा, हा क्रम एकदा लक्षात आला की ‘सरकार कुचकामी’ या वाक्याचा कर्ता बदलतो.

इथे एक वजनदार आक्षेप उभा राहतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. यादवीनंतरचे सरकार हे पुरात सापडलेल्या देशाच्या सरकारसारखे नसते. फ्रेलिमोचे सरकार म्हणजे लढाईतला एक पक्ष. रेनामोच्या ताब्यातल्या मुलखात सरकारी ट्रक गेला तर तिथल्या माणसाला त्यात धान्य दिसणार की सैन्य? धान्य हे युद्धात हत्यारच होते. दोन्ही बाजूंनी ते वापरले. अशा वेळी समन्वय सरकारकडे द्या म्हणणे म्हणजे जेत्याच्या हाती शिध्याची किल्ली देणे नाही का?

आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर मोझांबिकमध्येच, आणि युनोहॅक जन्मायच्या आधी सापडले होते. १९९१-९२ च्या दुष्काळाने सगळा आफ्रिकेचा दक्षिण भाग होरपळत असताना, १६ जुलै १९९२ रोजी, म्हणजे शांतता कराराच्या अडीच महिने आधी, सरकार आणि रेनामो या दोघांनी रोममध्ये मदतीच्या तत्त्वांवर सह्या केल्या. मदत कोणालाही नाकारायची नाही, मदत नेणाऱ्यांना वाट द्यायची, असा तो करार. बंदुका अजून चालू होत्या. तरीही दोन शत्रू एका टेबलावर बसून कोणता रस्ता मोकळा करायचा हे ठरवू शकत होते. याचा अर्थ तटस्थ पंचाची गरज होती. गरज होती ती पंचाची. तिसऱ्या सरकारची नव्हे. युनोहॅकचे श्रेय द्यायचे तर ते इथे द्यावे लागते. प्रांतिक पातळीवर दोन्ही बाजूंची माणसे एकत्र बसवण्याचे आणि रेनामोच्या बंद मुलखात वाट काढण्याचे काम त्याच्या छत्राखाली पुढे गेले. पण पंचाने दोन वर्षांसाठी यायचे, तर जाताना वही कोणाच्या हाती द्यायची हे पहिल्याच दिवशी ठरायला हवे होते. डिसेंबर १९९४ मध्ये मोहीम आवरली गेली, तेव्हा ती वही घ्यायला सरकारी बाजूला जे खाते उभे असायला हवे होते, त्याची अवस्था वर सांगितलीच आहे.

मोझांबिकमध्ये सगळ्यात यशस्वी ठरले काय? सैनिकांचे घरी जाणे. आणि त्याची हकीगत समन्वयवाद्यांना अडचणीची आहे.

देशभरातल्या ४९ छावण्यांत दोन्ही बाजूंचे सैनिक हत्यारांसह जमा करायचे होते. जमले. पण आठवड्यांचे महिने झाले. छावण्यांत शिधा अपुरा, पगार थकलेला, आणि पुढे काय हे कोणी सांगेना. १९९४ च्या मध्याला छावण्यांत दंगे पेटले, रस्ते अडवले गेले, अधिकारी ओलीस धरले गेले. नव्या संयुक्त सैन्यात ३० हजार जायचे होते. जेमतेम १२ हजार गेले. बाकीच्यांना सैन्यच नको होते, घर हवे होते. सुमारे ९० हजार माणसे, हाताला बंदुकीची सवय, आणि शिक्षण बहुतेकांचे प्राथमिकच्या आतबाहेर.

यांचे काय करावे, यावर तज्ज्ञांत वाद झाला. एक बाजू म्हणे, यांना कौशल्ये शिकवा, प्रशिक्षण केंद्रे काढा, प्रकल्प आखा. त्याला वर्षे लागणार होती. दुसरी बाजू म्हणे, यांना रोख पैसे द्या आणि ज्याला जिथे जायचे तिथे जाऊ द्या. पहिल्या बाजूचे उत्तर कुठल्याही गावच्या चावडीवर ऐकू येईल असे होते : रोख दिली तर दारूत उडवतील. शेवटी देणगीदारांचा धीर सुटला आणि रोख रकमेची योजना मान्य झाली. सरकार सहा महिन्यांचे वेतन देईल, त्यापुढचे अठरा महिने देणगीदारांच्या पैशातून. एकूण दोन वर्षे.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. सैनिकाने आपला जिल्हा स्वतः सांगायचा. तिथवर त्याला आणि कुटुंबाला वाहन, सोबत कपडे, काही दिवसांचे धान्य, बियाणे, अवजारे. आणि पैसे उचलायचे ते त्याच जिल्ह्यातल्या सरकारी विकास बँकेच्या शाखेतून, ठरलेल्या मुदतीने. म्हणजे कोण कुठे राहील हे कोणत्याही कार्यालयाने ठरवले नाही. बँकेच्या खिडकीपुढे फ्रेलिमोचा जवान आणि रेनामोचा बंडखोर एकाच रांगेत. खिडकीतल्या कारकुनाला दोघांचे पुस्तक सारखेच. अठरा महिने त्या रांगेने जे केले ते कोणत्या परिसंवादाला जमले असते, याची कल्पना करणे कठीण आहे.

पैसे दारूत गेले का? थोडे गेलेही असतील; पगार झाल्यावर जगात कुठे जात नाहीत? पण बायकोच्या माहेरची देणी फिटली, छप्पर शाकारले गेले, शेतात बी पडले. मुख्य म्हणजे पैसा घेऊन माणूस गावात परतला, त्यामुळे तो गावाला ओझे वाटला नाही. गावाने आपले कामही केले. रक्त सांडून आलेल्याला घरात घेण्यापूर्वी पारंपरिक वैदूंकडून शुद्धीचे विधी करून घेण्याची रीत अनेक भागांत पाळली गेली. मोझांबिकच्या मानववंशशास्त्रज्ञ आल्सिंदा होनवाना यांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. त्या विधीला कोणाचे अनुदान नव्हते. योजनेत उणिवाही होत्या. स्त्रिया आणि अल्पवयीन लढवय्ये यांच्याकडे तिने फारसे पाहिलेच नाही. पण ९० हजारांचा जमाव पुन्हा जंगलात गेला नाही.

निर्वासितांचेही तसेच. सतरा लाखांचे परतणे ही आफ्रिकेतली त्या काळची सर्वांत मोठी घरवापसी मानली जाते, आणि अहवालांत ट्रकांच्या रांगांचे फोटो असतात. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक ट्रकची वाट न पाहता परतले. आधी घरातला एक माणूस सीमा ओलांडून शेत बघून येई, पाऊस कधी धरेल याचा अंदाज घेई, मग बाकीचे निघत. छावणीतले शिधापत्रक काही काळ तसेच राहू देत, इकडे पीक हाती येईपर्यंत. तज्ज्ञ याला फसवणूक म्हणत. शेतकऱ्याच्या भाषेत याला बेगमी म्हणतात.

उलट जे काम पूर्णपणे वरून, केंद्रातून व्हायचे होते ते भूसुरुंग काढण्याचे. लोक पायी परत येत होते, त्या वाटांवर सुरुंग होते. संयुक्त राष्ट्रांच्या रस्ते-सफाईचे मोठे कंत्राट न्यूयॉर्क, जिनिव्हा, मापुतो अशा फेऱ्या मारत राहिले आणि करार झाला तो १९९४ च्या मध्याला, म्हणजे माणसे बरीचशी घरी पोचल्यावर. वरातीमागून घोडे. तोवर ‘हॅलो ट्रस्ट’ आणि ‘नॉर्वेजियन पीपल्स एड’ या संस्थांनी आपापले प्रांत धरून, स्थानिक माणसांना शिकवून काम सुरूही केले होते. ते एकवीस-बावीस वर्षे चालले आणि १७ सप्टेंबर २०१५ रोजी देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. सुरुवातीला वीस लाख सुरुंगांचा आकडा छापला जाई; प्रत्यक्षात त्याचा लहानसा अंशच निघाला. आकडा फुगला की निधी फुगतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

निवडणुकीनंतर मदत ‘विकास’ झाली आणि समन्वयाचा खरा तमाशा तेव्हा सुरू झाला. नव्वदच्या दशकात आरोग्य मंत्रालयाच्या दप्तरी देणगीदारांचे चारशेहून अधिक प्रकल्प होते. एक प्रकल्प क्षयाचा, दुसरा लसींचा, तिसरा अमुक जिल्ह्यातल्या बाळंतपणांचा. प्रत्येकाचा वेगळा हिशेब, वेगळी गाडी, वेगळे फॉर्म. एक ना धड भाराभर चिंध्या. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फायफर यांनी मानिका प्रांतातल्या आरोग्यसेवेचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. परदेशी संस्थांनी सरकारी माणसे कशी ओढून नेली, आणि उरलेल्यांचे दिवस सेमिनारांमागे कसे गेले, हे त्यात दिसते. सेमिनारला भत्ता असतो. पगारात भागत नसलेल्या परिचारिकेला तीन दिवसांच्या कार्यशाळेचा भत्ता दवाखान्यातल्या हजेरीपेक्षा परवडतो. तिला लोभी म्हणण्याआधी तिचे पगारपत्रक पाहावे. पुढे २००० साली मापुतोत ‘काया क्वांगा’ नावाने ओळखला जाणारा समझोता झाला, मंत्रालयाच्या आराखड्यात राहूनच मदत देण्याचा. मग सामाईक निधीही आला. म्हणजे आठ वर्षे बाहेरून समन्वय करून झाल्यावर हे मान्य झाले की समन्वय मंत्रालयानेच करायचा असतो.

या सगळ्या काळात सरकारला स्वतःची मिळकत उभी करू दिली का? काजूची कथा इथे सांगायलाच हवी. शब्द पोर्तुगीजांचा, झाड पोर्तुगीजांनी आणलेले, गोव्यात आणि मोझांबिकमध्ये दोन्हीकडे.   १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूत जगात पुढे होते. युद्ध संपल्यावर बिया सोलण्याचे कारखाने पुन्हा उभे राहत होते. त्यांत हजारो कामगार, मोठ्या संख्येने बायका. १९९५ साली जागतिक बँकेने अट घातली : कच्च्या काजूच्या निर्यातीवरचे निर्बंध उठवा, शेतकऱ्याला भाव मिळेल. निर्बंध सैल झाले, कच्ची बी जहाजात भरून कोल्लम-मंगळूरच्या कारखान्यांकडे निघाली, आणि २००१ पर्यंत मोझांबिकचे बहुतेक मोठे कारखाने बंद. शेतकऱ्याला काय मिळाले? मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन वेल्च या अर्थतज्ज्ञांनी हिशेब केला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाकाठी पाच डॉलरच्या आसपास. मदतीचा ट्रक एका दाराने आत आणि रोजगार दुसऱ्या दाराने बाहेर. या दोन दारांचा समन्वय कोणाच्या कार्यकक्षेत येत होता?

आता विरोधकांचा हुकमी पत्ता. सरकारच्या हाती पैसा दिला की काय होते ते २०१६ साली जगाने पाहिले ना! टुना मासेमारी आणि सागरी सुरक्षेच्या नावाखाली मोझांबिक सरकारने २०१३-१४ मध्ये गुपचूप दोन अब्ज डॉलरच्या कर्जांना हमी दिली होती. बोभाटा झाल्यावर देणगीदारांनी थेट अर्थसाहाय्य थांबवले. माजी अर्थमंत्री मानुएल शांग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयात शिक्षा झाली. घोटाळा अस्सल आहे, आणि त्याची किंमत देशाने महागाईत आणि बंद पडलेल्या कामांत मोजली. पण तो पैसा मदतीचा नव्हता. तो क्रेडिट स्विस आणि रशियाच्या व्हीटीबी या बँकांनी दिलेला धंदेवाईक पैसा होता, आणि क्रेडिट स्विसने पुढे अमेरिका-ब्रिटनच्या नियामकांशी तडजोड करून कोट्यवधी डॉलर भरले. यातून धडा घ्यायचा तर तो संसद आणि लेखापरीक्षक बळकट करण्याचा. मदतीचा पैसा त्यांना वळसा घालून नेण्याचा धडा यातून कसा निघतो, हे कोणीतरी समजावून सांगावे.

आणि सरकारला वळसा घातला नाही तर काय होते, तेही पाहायला मिळाले आहे. २००० च्या महापुरात सातशेच्या आसपास माणसे दगावली. झाडांवर बसलेल्या लोकांना दक्षिण आफ्रिकेच्या हेलिकॉप्टरांनी उचलतानाची दृश्ये जगभर गेली. त्याच्या थोडे आधी जुन्या पोकळ विभागाच्या जागी आयएनजीसी ही नवी आपत्ती संस्था आली होती, तिला पुढच्या वर्षांत माणसे, पैसा आणि अधिकार मिळाले. २००७ मध्ये झांबेझी फुगली तेव्हा त्या संस्थेने लाखाहून अधिक लोक हलवले. बैठकीचे अध्यक्षपद सरकारकडे, परदेशी संस्था टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. मृत पन्नासाच्या आत राहिले. दोन नद्या वेगळ्या, पूर वेगळे, तुलना तंतोतंत नाही. पण सावधगिरीचा इशारा कोण देतो आणि गावकरी कोणाचे ऐकून उठतात, यात फरक पडला होता हे उघड आहे.

बाहेरच्या हाताचा भरवसा किती, याचा निकाल २०२५ च्या जानेवारीत लागला. वॉशिंग्टनमध्ये एका आदेशावर सही झाली आणि अमेरिकी मदत गोठली. एचआयव्हीच्या औषधोपचारासाठी अमेरिकेवर मोठ्या प्रमाणात विसंबलेल्या देशांत मोझांबिक होते. प्रकल्पांचे कर्मचारी घरी गेले. दवाखाने राहिले, आणि त्यांत सरकारी पगारावरची माणसे.

१९९२ चा करार अखेरपर्यंत टिकला असेही नाही. ध्लाकामा २०१२ मध्ये पुन्हा गोरोंगोझाच्या डोंगरात गेले, २०१३ पासून चकमकी झाल्या, ६ ऑगस्ट २०१९ ला मापुतोत नवा करार करावा लागला. त्याखाली पाच हजारांवर रेनामो सैनिकांनी शस्त्रे ठेवली, शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. या खेपेला त्यांची मागणी काय होती? दोन वर्षांचा भत्ता नव्हे, कार्यशाळा तर नव्हेच. ज्याच्याशी आयुष्यभर लढले त्याच सरकारच्या तिजोरीतून, दर महिन्याला, हयातभर मिळणारी पेन्शन. ती मंजूर करणारा हुकूम मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये काढला.